आमच्यासारख्यांकडून खरेदी

हे किस्से आम्ही जमवले नाहीत, आपोआप साचत गेले. नांदुऱ्याला स्टेशनबाहेर आम्ही तिघं चहाला भेटतो. मी कामगारांचे ड्रेस शिवतो, मिलिंद पुठ्ठ्याची खोकी बनवायचा, सुनंदाताई जेवण पुरवतात. तिघंही बौद्ध. जवळच्या मोठ्या कंपनीनं जाहीर केलं, थोडा माल आमच्यासारख्यांकडूनच घ्यायचा. तेव्हापासून सांगायला रोज काहीतरी असतंच!

* * *

पुरवठादार मेळाव्याला मिलिंद खोक्याचा नमुना घेऊन गेला. साहेबांनी हार घातला, फोटो काढला. खोकं काखेतच राहिलं.

"काय इचारलं बे?" मी म्हणालो.

"आडनाव."

"आन् मंग?"

"जात. खोक्याचं कोनीच नाही इचारलं!"

* * *

खोक्यांची ऑर्डर गेली पिंपळगाव राजाच्या दुसऱ्या एका बौद्ध मालकाला. मिलिंद बघायला गेला. मालक म्हणजे तिथल्या बड्या जमीनदाराचा ड्रायव्हर!

"काऊन बे, मालक झाला म्हने?"

"हाव भाऊ, कागदावर. गाडी मीच चालवतो. खरा मालक मांगं बसते."

दिवाळीआधी मिलिंदनं मशीन विकली.

* * *

मग माझी पाळी. विदेशी पाहुणे येणार म्हणून कंपनीच्या माणसांनी माझ्या शेडवर चकचकीत बोर्ड लावला, 'आमचा सन्माननीय भागीदार'. बायकोनं त्याखाली उभं राहून माहेरी फोटो पाठवला. पाहुणे आले, माना डोलावून गेले. लगेच बोर्ड उतरवायला शिडी लागली.

"राहू द्या ना साहेब!"

"अहो, उद्या संग्रामपूरला लावायचाय!"

ऑर्डर आलीच नाही. माहेरचे फोन मात्र येत राहिले. बायको उचलेना.

* * *

सुनंदाताईंना खरंच कॅन्टीनचं काम मिळालं. पहिल्या दिवशी पातेली पुसून काढल्यासारखी रिकामी परत आली. मग कुणीतरी कामगारांना ताईंचं आडनाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी सगळी पातेली भरलेलीच परत!

मॅनेजर म्हणाला, "टेस्टची कंप्लेंट आहे."

"साहेब, झाकनाची सुतळी तं मी बांधली तशीच हाये. चाखलं कोनं?"

"पब्लिकचं मत आहे ताई. मी काय करणार?"

काम बंद झालं. ते वरण ताईंनी स्वतः नालीत ओतलं. आम्ही मदतीला गेलो, तर पातेल्याला हात लावू दिला नाही.

* * *

तरी कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात ताईंचा सत्कार ठरला. घ्यायला एसी गाडी आली. ही योजना चालवणाऱ्या मॅडम खास पुण्याहून आल्या होत्या. "सुनंदाताई आमच्या परिवारातल्याच!" असं भाषणात म्हणताना त्यांनी डोळेही टिपले. मग जेवायला ताईंना स्वतःच्या टेबलावर, साहेबलोकांत बसवलं.

ताईंनी पिशवीतून घरचा डबा काढला. भाकर, वांग्याची भाजी. झाकण उघडून टेबलाच्या मधोमध ठेवला.

"घ्या ना मॅडम. मीच केली हाये."

साहेबलोक मोबाइलमध्ये बघू लागले. मॅडम गोड हसल्या.

"अय्या ताई, आज नेमका माझा उपवास!"

मॅडमच्या ताटात चिकन होतं.