समोरच्या घरातली बाई हळदीकुंकवाला आली

मी सध्या मुलांसाठी एक कादंबरी लिहितेय. साठच्या दशकातलं लंडन, तेरा वर्षांची मराठी मुलगी आणि समान हक्कांसाठी निघालेले मोर्चे. मी स्वतः पुण्याहून लग्न करून लंडनच्या स्टॅनमोर भागात आले, तेव्हा ते दिवस केव्हाच सरले होते. पण माहितीची खाण घरातच होती. माझ्या सासूबाई त्याच काळात इथे वाढल्या, त्या मोर्च्यांत चालल्या. माझी नायिका त्यांच्यावरूनच बेतलेली.

सुरुवातीची प्रकरणं मी त्यांना वाचून दाखवली. त्या विणत ऐकत होत्या. माझी नायिका पानोपानी भाषणं ठोकत होती. त्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की हिला शाळेत होमवर्क देत नव्हते का. तेही मी गिळलं. पण नायिकेच्या आईला मी पडद्याआडून रस्ता बघणारी घाबरट बाई केली होती, तिथे त्यांनी सुया खाली ठेवल्या.

"घाबरट? माझी आई? नॉट फॉर वन मिनिट," त्या म्हणाल्या. "हे बदल."

मग त्या सांगायला लागल्या. तेव्हा घरांच्या खिडक्यांत पाट्या असायच्या, रंगीत, म्हणजे गोऱ्या नसलेल्या, लोकांना खोली मिळणार नाही म्हणून. शहाणी माणसं पाटी बघून पुढे जायची. त्यांची आई नेमकं तेच दार वाजवायची. पाटीमागे लपू नका, काय ते तोंडावर सांगा, असं तिचं म्हणणं, आणि तेही ठणठणीत मराठीत. इंग्रजी करायचं काम तेरा वर्षांच्या लेकीचं. मोर्च्यात चालताना सासूबाईंना कधी लाज वाटली नाही, पण त्या दारांपुढे धरणीने पोटात घ्यावं असं वाटायचं.

शेवटी एका घरमालकिणीने दोन खोल्या दिल्या. संक्रांत आली तशी आईने हळदीकुंकू मांडलं. ओळखीच्या मराठी बायकांना बोलावणं होतंच, पण गल्लीतल्या सगळ्या गोऱ्या बायकांनाही होतं, पाटीवाल्यांसकट. निरोप द्यायला अर्थातच लेक. त्यांतली एकच आली, समोरच्या पाटीवाल्या घरातली म्हातारी, डोक्यावर हॅट घालून. तिच्या बोटात अंगठी होती. अंगठी म्हणजे इथलं मंगळसूत्र, तेव्हा नवरा असणारच, असा आईचा हिशेब. आईने कुंकवात बोट बुडवलं. म्हातारीने हे काय म्हणून विचारलं आणि लेकीने इमानेइतबारे सांगून टाकलं, की नवरा असलेल्या बाईला हे लावतात. मग मला नको, म्हातारी म्हणाली, माझा युद्धातून परत आलाच नाही.

तेही लेकीने मराठीत सांगितलं. सगळ्यांची नजर आईच्या बोटावर.

"आणि लावलं तिने," सासूबाई म्हणाल्या. "हात जरासुद्धा थरथरला नाही. वाण म्हणून साबणाची डबीपण दिली."

मग पाटी निघाली का, मी विचारलं. कुठली निघतेय. म्हातारी शेंगदाण्याचे लाडू खाऊन गेली आणि पाटी उन्हाळ्यापर्यंत तिथेच होती. उलट आपल्यातल्याच दोघी पुढच्या वर्षी फिरकल्या नाहीत.

मला हसू आलं आणि लगेच आमच्या घरचं आठवलं. त्याच रविवारी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. सासरे गेल्यापासून सासूबाई त्या दिवशी एजवेअरला माझ्या नणंदेकडे जातात. नातवाला सांभाळायचंय म्हणतात, तो आता दाढी करतो. दर वर्षी मी थांबा म्हणते आणि दर वर्षी त्या म्हणतात, तुझ्या मैत्रिणींना ऑकवर्ड होईल. मला ते सहन होत नाही. घरातली सगळ्यात मोठी बाई, आणि आम्ही हसतखिदळत असताना ती बसमध्ये.

"त्या म्हातारीला मी कादंबरीत घेते," मी म्हटलं, "पण तुम्ही रविवारी घरी थांबलात तरच."

त्यांनी सुया उचलल्या. पुढची ओळ विणायला घेतली.

रविवारी बसची वेळ होऊन गेली तरी त्या वरच्या खोलीतच होत्या. मैत्रिणी जमल्या, तशा त्या ठेवणीतली साडी नेसून जिना उतरल्या, सोफ्यावर बसल्या आणि थेट कपाळ पुढे केलं. कोणी अवघडलं नाही. म्हणजे एकदोघी अवघडल्या, पण त्यांच्या हातात गरम समोसे होते. मी कुंकवात बोट बुडवलं आणि माझा हात असा थरथरायला लागला, की निम्मं कुंकू त्यांच्या नाकावर सांडलं.

मी सॉरी म्हणाले. त्यांनी माझं मनगट धरलं आणि बोट कपाळाला टेकवून घेतलं.

"आईचापण थरथरला होता," त्या हळूच म्हणाल्या. "कादंबरीत मात्र लिहू नकोस."