मुद्दाम कच्चं केलेलं चित्र

माझं काम कुणाला समजावून सांगायचं म्हणजे पंचाईत होते. पुण्यातल्या एका कंपनीसाठी मी मालवणातल्या घरी बसून मिक्सर, पंखे, खुर्च्या अशा वस्तूंची कॉम्प्युटरवर चित्रं करते. आधी वस्तू इतकी हुबेहूब करायची की स्टीलवर बोटांचे ठसे उमटतील असं वाटावं. मग तेच चित्र असं बिघडवायचं की कुणीतरी आत्ताच पेन्सिलीने खरडलंय असं दिसावं. रेषा कोपऱ्यापाशी थोड्या पुढे जाऊ द्यायच्या, कुठे दाब वाढवायचा, रंग कडेपर्यंत पोचू द्यायचा नाही. सगळीकडे सारखीच थरथर दिली की लबाडी लगेच उघडी पडते. मग सरळ हातानेच का काढत नाहीस, असं नवरा विचारतो. त्याने मी हाताने काढलेलं मांजर पाहिलेलं नाही.

हा खटाटोप कशासाठी, तर गुळगुळीत चित्र पाहिलं की गिऱ्हाईक गप्प बसतं. त्याला वाटतं, वस्तू तयारच झाली, आता काय बोलायचं. कच्चं चित्र पाहिलं की त्याला वाचा फुटते. हे मी पोटापाण्यासाठी रोज करते आणि घरात मात्र विसरले.

सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी जमिनीवर बसायला मनाई केली. म्हणजे आडाळो बंद. आडाळो म्हणजे आमची पाटावर बसवलेली विळी, टोकाला नारळ खवायची दातेरी खवणी. त्यावर एक पाय दुमडून बसल्याशिवाय नारळ खवता येत नाही, आणि नारळाशिवाय आमच्याकडे जेवण होत नाही. खवायचं काम माझ्याकडे आलं आणि त्या पडवीत जाऊन बसू लागल्या. बरं आहे ना विचारलं की बरं आहे म्हणायच्या. पाणीसुद्धा बाहेर मागवून घ्यायच्या. मला आधी त्याचा राग यायचा, मग नुसतं वाईट वाटू लागलं. स्वयंपाकघरात मला त्यांच्याशिवाय करमत नव्हतं, हे खरं.

म्हणून मी उंच आडाळो करायला घेतला, पाय खाली सोडून बसता येईल असा. सुताराकडे द्यायच्या आधी त्याचं झकास चित्र केलं, फणसाच्या लाकडाच्या रेघांसकट, मागे आमचंच स्वयंपाकघर. लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. त्यांना तो फोटोच वाटला. "बरो आसा," म्हणाल्या, आणि हळदकुंकू लावायचं म्हणून घरी कधी येणार तेवढं विचारलं. घेतलेल्या वस्तूला नावं ठेवायची नाहीत, ही त्यांची रीत. मी खनपटीला बसले तरी दुसरा शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी कामाला बसल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तेच चित्र मी पेन्सिलीचं केलं. चकाकी काढली, रेषा सैल केल्या, अर्धा भाग रंगवलाच नाही. जाड कागदावर छापून पेन्सिलीसकट त्यांच्या मांडीवर ठेवलं.

त्यांनी चष्मा लावला. बसायची फळी रुंद हवी, खाली ताट कुठे ठेवणार, असं एकेक निघू लागलं. मी खूश. मग त्यांचं बोट आडाळ्यामागच्या भिंतीच्या रेषेवर येऊन टेकलं.

"भिंतीकडे तोंड करून बसवतलंस माका?"

खिडकीतला उजेड लाकडावर छान पडतो म्हणून मी चित्रात आडाळो भिंतीला लावला होता. बसणाऱ्याचं तोंड कुठे होईल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. आधी कित्याक नाय सांगल्यात, असं मी विचारलं.

"माका वाटला, तुमी तसाच ठरवल्यात."

म्हणजे या घरात आपली जागा आता भिंतीसमोर, असं समजून त्या बरो आसा म्हणाल्या होत्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पेन्सिल घेऊन भिंतीच्या रेषेवर काट मारली आणि कागदाच्या मधोमध एक वेडावाकडा गोल काढला. ती शेगडी. गोलाच्या एका बाजूला बोट टेकवून म्हणाल्या, "हयसर तू." मग समोरच्या बाजूला आडाळो काढला, तोंड माझ्याकडे करून.