चौकशी खिडकीजवळ यावे

बसस्थानकात सगळे त्याला भोंगा म्हणत. एकतीस वर्षं काचेच्या खोलीत माइकसमोर बसून त्यानं गाड्या सोडल्या, गाड्या थोपवल्या, हरवलेली पोरं आयांना मिळवून दिली. घरी आला तरी आवाज खाली यायचा नाही. "अहो, हळू," बायको म्हणायची, "मी फलाटावर नाही, स्वयंपाकघरात उभी आहे."

निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी दाढी करता करता मेंदूत रक्ताची गाठ अडकली आणि उजवं अंग गेलं. वाचायला घेतलं की अक्षरं मुंग्यांसारखी पळायला लागली. आणि बोलणं? मनात अख्खं वाक्य तयार असायचं, शब्द न् शब्द जागच्या जागी. तोंड उघडलं की मात्र एकच बाहेर पडायचं, खणखणीत, पूर्वीच्याच ठेक्यात: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." आणि गप्प. पुढची गाडी यायचीच नाही. मान हलवायला जावी, तर हो-नाहीची उलटापालट व्हायची.

"असं होतं," डॉक्टर म्हणाले. "हजारो वेळा म्हटलेलं तेवढं राहतं."

"शिवी नाही राहिली हे नशीब," बायको म्हणाली आणि मोरीत जाऊन नळ सोडून बसली. नळाखाली बादली नव्हती, हे त्याला आवाजावरून कळलं.

तोड काढली मुलीनं. ती दूरच्या शहरात नोकरीला होती. सुट्टी काढून आली आणि स्थानकाच्या कोठारातून बापाच्या जुन्या कॅसेटी उचलून आणल्या. त्यातले तुकडे कापून तिनं त्याच्या मोबाइलवर बारा बटणं केली, तीन-तीनच्या चार ओळी, पेढ्याएवढी मोठी, प्रत्येकावर एक फोटो. पेल्याचा फोटो दाबला की त्याचाच तरणा आवाज म्हणायचा, "पाणी." 'होत आहे' मधला 'हो' कापला होता, त्याला शेवटी 'त'चं शेपूट राहिलं होतं. 'सुटणार नाही' मधला 'नाही' मात्र स्वच्छ निघाला.

बायकोला हाक मारायला काय करायचं, हा प्रश्न होता. एकतीस वर्षांत भोंग्यानं माइकवर कधी 'अगं' म्हटलं नव्हतं. मग मुलीनं कात्रीच्या फोटोमागे एक वाक्य बसवलं: "चौकशी खिडकीजवळ यावे."

बायको घरीच कपडे शिवायची. मशीन थांबवून ती उठायची. "आले, आले. खिडकी काय पळून चालली आहे?"

संडासात त्याला वेळ लागला आणि तिनं दार वाजवलं, की आतून यायचं, "सुमारे वीस मिनिटे उशिराने धावत आहे." पहिल्यांदा हे ऐकून ती दाराबाहेर मटकन बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

अशी दीड वर्षं गेली. हसू आधी संपलं, मग तिची पाठ.

एके दिवशी मोरीत दोघं एकदम पडली. ती खाली, तो तिच्या अंगावर. मोबाइल खाटेवर राहिलेला. सव्वा तास तो छताकडे बघून ओरडत होता, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे!" शेवटी शेजारचे मास्तर धावत आले. तिच्या मणक्यातली चकती सरकली होती. भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

"हे बादलीपेक्षा हलके आहेत का हो?" तिनं विचारलं. डॉक्टर हसले नाहीत.

मुलीचा फोन आला. "बाबा, एक केंद्र आहे. चोवीस तास माणसं असतात. आई दर रविवारी येईल."

भोंग्यानं 'नाही' दाबलं. अकरा वेळा.

"कळलं बाबा. एकदा पुरे असतं."

पण केंद्राचा नियम असा, की त्यांची बाई घरी येऊन रुग्णालाच विचारणार. तो स्वतः हो म्हणाला तरच घेणार. गुरुवारी सकाळी अकराला ती येणार होती. भोंगा निर्धास्त होता. 'नाही' कुठे आहे ते त्याच्या डाव्या अंगठ्याला पाठ होतं, शेवटच्या ओळीत उजव्या कोपऱ्यात.

बुधवारी दुपारी मोबाइल आपला आपणच मिटला, उघडला आणि अनोळखी झाला. फोटो गेले, मोठी बटणं गेली. एका ओळीत पाच-पाच बारीक चौकोन आले आणि भोंग्याची बाराही बटणं सारख्याच करड्या रंगाची होऊन रंगीत ॲपांच्या गर्दीत कुठे कुठे विखुरली. त्यानं पाणी मागायला दाबलं, तर फलाट क्रमांक सहा बोलला.

बायकोनं मुलीला फोन लावला.

"अपडेट झालंय गं आई. फोटो लावायची सोयच काढून टाकली त्यांनी. मोठं करायचीसुद्धा."

"मग जुनं परत आण."

"नाही आणता येत. तू एकेक दाबून ऐक आणि उचलून जागेवर ठेव. आणि हो, पंधरा दिवस वापरलं नाही ते आता आपोआप मागच्या पानावर जातं. लक्ष ठेव."

"चांगलं चाललेलं मोडायचे पगार मिळतात का ह्यांना?"

ती खाटेच्या कडेला बसली. काळ्या कापडाच्या तुकड्यावर शिवणाच्या खडूनं बारा घरं आखली. एकेक करडा चौकोन दाबायचा, ऐकायचं, सरकवायचं, कापडावर फुली मारायची. मध्ये मोकळी जागा सोडता येत नव्हती आणि त्याचं बोट तर भलतीकडे जाणारच. मग तिनं दोन बटणांच्या मध्ये निरुपयोगी ॲपं भरली, होकायंत्र, हवामान, गणकयंत्र. "शिवणीला आत कापड सोडतो ना, तसं," ती म्हणाली. "चुकलात तर फार तर हवामान कळेल." भोंगा बघत होता. एवढी हुशार बाई, आणि आपण हे तिला कधी सांगितलं नाही. सांगता येत होतं तेव्हासुद्धा.

दहा फुल्या झाल्या. अकरावा चौकोन तिनं दाबला.

"नाही."

तिचं बोट थांबलं. तिनं परत दाबला.

"नाही."

"चहा टाकते," ती म्हणाली आणि मोबाइल घेऊनच आत गेली.

परत आली तेव्हा सगळं लागलेलं होतं. पाणी, संडास, कात्री, सगळी जागच्या जागी. उजव्या कोपऱ्यात मात्र विजेरीचं पिवळं चित्र होतं. भोंग्यानं तिथे बोट आपटलं. मोबाइलच्या पाठीवर दिवा लागला.

"तेवढं एक सापडत नाही हो. अपडेटमध्ये उडालं असेल." असं म्हणून तिनं दातांनी दोरा तोडला. दातांत दोरा नव्हता.

छत्तीस वर्षांच्या संसारात तिला खोटं बोलणं जमलं नव्हतं. तो तिच्याकडे बघत राहिला. ती आत जाऊन उतू गेलेला चहा पुसत राहिली.

गुरुवारी अकराला बाई आली. हातात फाइल, चेहरा दमलेला. सगळे करतात तेच तिनं केलं, भोंगा बहिरा असल्यासारखी ओरडली. "काका! केंद्रात राहायला यायचंय का? तुमच्या मनानं सांगा!"

भोंग्यानं जीव एकवटून तोंड उघडलं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

बाईनं मागे वळून दाराकडे पाहिलं.

"तेवढंच येतं त्यांना," बायको म्हणाली. "मनात दुसरं असतं. मोबाइलवर सांगतील."

"काकू, तुम्ही नका बोलू. हो की नाही, ते मला त्यांच्याकडूनच हवंय."

भोंग्यानं डाव्या अंगठ्यानं पान सरकवलं. मग आणखी एक. तिसऱ्या पानावर, रंगीत ॲपांच्या शेवटी, एकच करडा चौकोन होता. तिनं तो पुसला नव्हता. पुसायला हात धजला नसणार.

त्यानं मान वर केली. तिनंही ते पान पाहिलं होतं. तिच्या कमरेला पट्टा होता आणि भिंतीचा आधार घेऊन ती एका पायावर भार टाकून उभी होती.

"दाबा," ती हळूच म्हणाली. "दाबायचं असेल तर दाबा. मी काही म्हणत नाही."

अंगठा चौकोनावर तरंगला. मग त्यानं पहिलं पान परत आणलं आणि दुसरंच बटण दाबलं.

"पाणी."

"आणते," ती म्हणाली.

आतून पेला ठेवल्याचा आवाज आला. पाण्याचा आला नाही. खण उघडला, गोळ्यांचं पाकीट कुरकुरलं. मग खाली वाकताना, कोणी ऐकत नाही असं समजून, ती म्हणाली, "आई गं." अगदी बारीक, लहान मुलीसारखं.

भोंग्यानं दाबलं.

"होत्."

"काय? हो म्हणालात?" बाई पुढे झुकली. "काका, परत एकदा. मला नीट ऐकू येऊ दे."

"होत्. होत्."

खोलीभर आवाज घुमला, भरदार, चाळिशीतल्या माणसाचा. बायको पेला घेऊन दारात उभी होती. ती कधीची उभी होती कोण जाणे. बाईनं कागदावर खूण केली, त्याच्या डाव्या अंगठ्याला शाई लावली, ठसा घेतला आणि जिना उतरून गेली.

बायकोनं त्याला पाणी पाजलं, हनुवटी पुसली. मग मोबाइल घेतला आणि कितीतरी वेळ मान खाली घालून बसली. परत दिला तेव्हा कोपऱ्यातली विजेरी गेली होती आणि तिथे करडा चौकोन होता.

"सापडला," ती म्हणाली. ह्या वेळी तिनं दोराबिरा तोडला नाही.

केंद्रातल्या खोलीत चार खाटा आणि एकच खिडकी आहे. माणसं वाईट नाहीत, कामात असतात. रविवारी बायको येते. भोंगा कात्री दाबतो आणि ती दारातूनच म्हणते, "आले, आले." पुढचं म्हणत नाही. पट्टा सुटलाय, पाठ बरीच बरी आहे. तिला एकटीला झोप लागत नाही, हे तिच्या डोळ्यांवरून कळतं. ती सांगत नाही आणि तो विचारू शकत नाही.

इथे त्याला बटणांची गरजच पडत नाही. तहान लागायच्या आत पाणी येतं, संडासाच्या वेळा ठरलेल्या असतात, आणि कुणी काही विचारतच नाही. सोळाव्या दिवशी सकाळी त्यानं पाहिलं, तर उजव्या कोपऱ्यातला चौकोन आपोआप गेला होता. त्या जागी हवामान आलं होतं.

तो तिसऱ्या पानावर गेला नाही. 'नाही' आता कुणाला म्हणायचं?

पण त्या दिवसापासून तो एक बटण रोज दाबतो. रविवारची वाट पाहत नाही. दुपारची जेवणं झाली, खोली पेंगायला लागली, की त्याचा आवाज चारी भिंतींवर आपटतो.

"चौकशी खिडकीजवळ यावे."

फरशी पुसणारी बाई सुरुवातीला धावत यायची. आता पोछा न थांबवता म्हणते, "काका, इथली खिडकी उघडत नाही. झोपा आता."

भोंगा डोळे मिटतो, आणि दुसऱ्या दिवशी परत दाबतो. तेवढं एक बटण तरी जागेवर राहायला हवं.