यादीतून गळलेला अभ्यासक्रम

नियोजन समितीचं इतिवृत्त लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण समितीत लिहून पोट भरलेला मी एकटाच होतो. वीस वर्षं एका मराठी दैनिकात काढली. आधी बातमीदारी, मग डेस्क. आवृत्ती बंद झाली तेव्हा विद्यापीठाच्या व्यवस्थापन विभागात कंत्राटी शिक्षक म्हणून लागलो. विषय, व्यवसाय संवाद. विभागाची इमारत दिंडोशीच्या कोर्टापासून चालत दहा मिनिटांवर आहे. बातमीदार असताना त्याच कोर्टात मी कित्येक दुपारी घालवल्या होत्या. तिथे एक सवय लागली. पंचनामा आणि जबाब शेजारी ठेवून वाचायचे, आणि एका कागदात आहे ते दुसऱ्यात का नाही हे बघायचं. नोकरी सुटली, सवय राहिली.

समितीला पुढच्या पाच वर्षांच्या अध्यापनाचा आराखडा करायचा होता. विद्यापीठाने तो मागवला होता. त्यात एक प्रकरण होतं, 'वेगळेपण'. मुंबईत एमबीए शिकवणाऱ्या संस्था गल्लोगल्ली आहेत. मग विद्यार्थ्याने इथेच का यावं, याचं उत्तर त्यात द्यायचं होतं. उत्तर म्हणजे एक यादी. पहिल्याच बैठकीत संचालकांनी विद्यापीठाचा नियम वाचून दाखवला: यादीत जे येईल ते सर्व तुकड्यांना शिकवावं लागेल, त्याचे मूल्यमापनाचे निकष छापावे लागतील आणि दरवर्षी त्याची तपासणी होईल. हे वाक्य मी शब्दशः उतरवून घेतलं होतं. त्याचा अर्थ लावायचं काम इतिवृत्त लिहिणाऱ्याचं नसतं, असं तेव्हा वाटलं.

त्या बैठकीत यादीसाठी सहा नावं निघाली आणि मंजूर झाली. पाच नावं कुठल्याही संस्थेच्या माहितीपत्रकात सापडतील अशी होती. सहावं होतं मार्केटिंगच्या प्राध्यापिकेचा शनिवारचा अभ्यासक्रम. ते त्यांनी स्वतः सुचवलं नव्हतं. मी सुचवलं होतं.

प्राध्यापिकाही समितीत होत्या, माझ्याच वयाच्या. विभागात आल्यापासून आमचं 'अरे-तुरे' होतं. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्यांचा अभ्यासक्रम ऐच्छिक, जागा फक्त बारा. विद्यार्थी आठ शनिवार सकाळी मालाडच्या मासळी बाजारात जायचे. मनोरीहून फेरीबोटीने मार्वेच्या जेट्टीवर आणि तिथून टेम्पोने टोपल्या घेऊन येणारी एक कोळीण होती, सगळे तिला मावशी म्हणत. तिच्या मागे उभं राहायचं. पहिले तीन शनिवार तोंड उघडायचं नाही. बोंबील सकाळी ताठ असतो, अकरापर्यंत ढिला पडतो. तसतसा वाटा, म्हणजे एका भावात द्यायचा माशांचा ढीग, कसा बदलतो, कोणत्या गिऱ्हाइकाला मावशी वरून एक मासा टाकते आणि कोणाला सरळ पुढे जायला सांगते, हे बघायचं. चौथ्या शनिवारनंतर जो तिला पटेल त्याच्याकडे ती पायाने एक रिकामा क्रेट सरकवायची. म्हणजे बस. बसलेला विद्यार्थी त्या दिवशी भाव सांगू शकायचा.

मी एकदा सोबत गेलो होतो. एका मुलाने सगळं बघून, हे डायनॅमिक प्रायसिंग आहे ना मॅडम, असं विचारलं. प्राध्यापिका म्हणाल्या, आधी मांदेली कोणती ते दाखव. त्याने बोट दाखवलं ते भलत्याच माशाकडे. मावशी म्हणाली, "हा पोरगा बोलतो लय, बघत नाय." प्राध्यापिकेने पर्समधून छोटी वही काढून काहीतरी लिहिलं. मला वाटलं, वाक्य आवडलं म्हणून लिहिलं असेल. मीही लिहून घेतलं होतं.

आमच्या विभागात इतिवृत्ताची एक रीत आहे. मसुदा मी लिहायचा, तो संचालकांकडे जायचा, तिथून कार्यालयात टाइप व्हायला, आणि पुढच्या बैठकीच्या आठवडाभर आधी ग्रुपवर पीडीएफ यायची. बैठकीत संचालक विचारायचे, "मागचं इतिवृत्त कायम?" सगळे चहाच्या कपाकडे बघत 'कायम' म्हणायचे. पीडीएफ कोणी उघडत नसे. मी उघडली. यादीत पाच नावं होती.

माझ्या मसुद्यात सहा होती. मी दोन्ही कागद छापून शेजारी ठेवले. बाकी कुठे स्वल्पविरामही हलला नव्हता. फक्त शनिवारचा अभ्यासक्रम गेला होता.

कार्यालयात टायपिंग बघणाऱ्या बाई विक्रोळीच्या. वडील गिरणीत होते, घर मूळचं मालवणकडचं. चेष्टा करायची असली की त्या मालवणीवर यायच्या. मी विचारलं, ही ओळ कुणी काढली? त्या स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या, "माका काय इचारतंस, पत्रकारा? साहेबांच्या केबिनमधून जशी आली तशी टाइप केली." मग खुर्ची वळवून, आवाज न बदलता, त्यांनी आणखी एक सांगितलं. गेल्या शनिवारी त्या भाचीला घेऊन मार्वेला गेल्या होत्या. जेट्टीजवळ साहेबांची गाडी उभी होती.

संचालकांवर माझा विश्वास आधीही नव्हता. ते एका मोठ्या कंपनीतून दोन वर्षांपूर्वी आले होते. बोलताना हातातलं पेन टेबलाशी समांतर ठेवायचे. मसुदा त्यांना आधी दाखवायचा, ही रीत त्यांनीच घातली होती. ऐच्छिक विषयांपैकी दोन त्यांच्या काळात बंद झाले होते आणि दोन्ही वेळा कागदावर कारण एकच होतं, विद्यार्थिसंख्या कमी. बारा जागांचा अभ्यासक्रम, यादीतून गुपचूप काढलेलं नाव, आणि जेट्टीवर गाडी. त्या आठवड्यात मी कॅन्टीनमध्ये शिरलो तेव्हा संचालक आणि प्राध्यापिका कोपऱ्यातल्या टेबलावर बोलत होते. मला पाहून दोघंही थांबले. प्राध्यापिकेचा चेहरा उतरलेला होता. निदान मी तसा वाचला. अभ्यासक्रम बंद करत असल्याचं तिला सांगितलं जात आहे, असा निष्कर्ष मी काढला आणि घरी जाऊन वहीत तारखेसह लिहिला.

तिला मी काही विचारलं नाही. त्याचं कारणही वहीत आहे: तिला आधी सांगितलं तर तीच मला बोलायला लावते असा ठपका तिच्यावर येईल. बातमीदारीत याला सूत्र सांभाळणं म्हणतात. जिच्याबद्दल बातमी आहे तिची बाजू छापण्याआधी घ्यायची, हा त्याहून जुना नियम. डेस्कवर असताना तो मोडला म्हणून मी तरुण बातमीदारांच्या बातम्या परत केल्या आहेत.

दुसऱ्या बैठकीला विद्यापीठाच्या एक प्रतिनिधी आल्या होत्या. आराखडा वर नेण्याआधी त्यांची संमती लागणार होती. संचालकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, मागचं इतिवृत्त कायम? चार जण 'कायम' म्हणाले. मी म्हणालो, कायम नाही. फोल्डरमधून दोन्ही कागद काढून टेबलावर ठेवले आणि सांगितलं की पहिल्या बैठकीत सहा नावं मंजूर झाली होती, इथे पाच आहेत, हा बदल समितीसमोर झालेला नाही.

संचालकांनी पेन उचलून परत ठेवलं. हा विषय अजून तयार नाही, पुढच्या वर्षी घेऊ, असं ते म्हणाले. मी विचारलं, हे कुणी ठरवलं? ते म्हणाले, "आपण नंतर बोलू या का यावर?" माझ्या दृष्टीने तो कबुलीजबाब होता. मी प्राध्यापिकेकडे पाहिलं. ती पेनाचं टोपण लावत होती. लावून झाल्यावरही तिचा अंगठा त्यावर दाबलेला राहिला.

प्रतिनिधींनी विचारलं, सहावं नाव कशाचं? ते मीच सांगितलं. मला चांगलं सांगता येतं. बोंबील, वाटा, क्रेट, तीन शनिवारचं मौन, सगळं पाच मिनिटांत. 'बोलतो लय, बघत नाय' हे मावशीचं वाक्यही सांगितलं. प्रतिनिधी हसल्या, मग त्यांनी लिहायला सुरुवात केली. सगळ्या विभागांच्या याद्या वाचून कंटाळा आला होता, म्हणाल्या. वेगळेपण म्हणतात ते हे. यादीत हे सहावं नाही, पहिलं हवं. त्यांनी प्राध्यापिकेचं अभिनंदन केलं. प्राध्यापिका म्हणाली, थँक यू. ठराव झाला. तो मीच लिहिला.

जिन्यात तिने मला गाठलं. वरच्या मजल्यावरून विद्यार्थी उतरत होते, म्हणून आम्ही भिंतीला लागून उभे राहिलो.

"तू मला एकदा विचारायचंस ना रे," ती म्हणाली.

मी म्हणालो, तो तुझा विषय बंद करत होता.

"ओळ मी काढली होती. त्याच्या केबिनमध्ये बसून, माझ्या हाताने."

मग तिने क्रमाने सांगितलं. पन्नासपैकी दहा मार्क मावशी द्यायची. बाजारातून निघताना ती एकेका पोराबद्दल एक वाक्य बोलायची, प्राध्यापिका ते छोट्या वहीत लिहायची आणि त्यावरून मार्क ठरायचे. विभागाच्या फॉर्मवर त्या रकान्यात 'शिक्षकाचे निरीक्षण' असं लिहिलेलं असे. बाहेरच्या माणसाने, त्यातही शाळा चौथीत सोडलेल्या बाईने, विद्यापीठाचे मार्क द्यावेत असा नियम कुठे नाही. यादीत नाव आलं की निकष छापणं आलं, आणि निकषात मावशी बसत नाही. शिवाय सर्व तुकड्या म्हणजे दोनशे मुलं. त्या टोपलीमागे दोनशे मुलं उभी राहू शकत नाहीत. तिने हे सगळं संचालकांना सांगितलं होतं. त्यांनी आधी विश्वास ठेवला नाही, म्हणून स्वतः मार्वेला जाऊन सकाळच्या फेरीबोटीची वाट पाहत थांबले आणि तिथून मालाडपर्यंत टेम्पोच्या मागे आले. मावशीने त्यांना दोन तास उभं केलं. सोमवारी त्यांनी प्राध्यापिकेला केबिनमध्ये बोलावून फाइल तिच्यासमोर सरकवली आणि म्हणाले, तुम्हीच काढा, मी बघितलं नाही.

"दोन वर्षं गुपचूप काढायची होती," ती म्हणाली. "तेवढंच होतं."

"मी तुझ्यासाठीच केलं."

"ते कळलं मला," ती म्हणाली, आणि उतरून गेली.

पुढे जे झालं ते नियमाप्रमाणे झालं. निकषांचा तक्ता तयार झाला, त्यात निरीक्षणशक्तीला पाच गुण आणि सादरीकरणाला वीस. दोनशे मुलांना बाजारात नेणं अशक्य म्हणून मावशीला इमारतीच्या तळमजल्यावरच्या स्टुडिओत बोलावून तिच्या धड्यांचं चित्रण करायचं ठरलं. ती एकदा आली. पांढऱ्या पडद्यासमोर तिच्यासाठी नवी टोपली ठेवली होती, तीत बर्फ होता, मासे नव्हते. वास राहील म्हणून नको म्हणाले होते. चित्रणाचं संयोजन व्यवसाय संवादाकडे, म्हणजे माझ्याकडे होतं. मावशीने पडद्याकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मासा नाय, गिऱ्हाईक नाय. मी बोलू कोनाशी?" चहा घेऊन ती गेली. शेवटी बाजाराचं चित्रण एका संस्थेकडून करून घेतलं. त्यात मावशी नाही. ज्या बाईने वेळ दिला तिचं आहे. वीस मिनिटांचं आहे, शेवटी प्रश्नावली येते.

प्राध्यापिकेने तो विषय सोडला. आता ती संशोधनपद्धती शिकवते. आमचं 'अरे-तुरे' चालू आहे, पण ती वाक्यं लहान करते. संचालकांनी मला कधीच काही ऐकवलं नाही. मसुदा मात्र आता ते मागत नाहीत. तुम्ही लिहाल ते बरोबरच असेल, म्हणतात. या वाक्यात काय आहे ते मी अजून तपासतो आहे.

एका शनिवारी मी बोरिवलीहून सकाळी मालाडच्या बाजारात गेलो. मावशी जागेवर होती. मागे कोणी विद्यार्थी नव्हते, रिकामा क्रेट तिच्या डाव्या हाताला होता. तिने मला ओळखलं. मी सांगितलं की शनिवारचा वर्ग माझ्यामुळे बंद पडला. तिला ते माहीत असावं, कारण तिने मान वर केली नाही. एका गिऱ्हाइकाला वाटा दिला, वरून एक बोंबील टाकला.

मग म्हणाली, "बाईला इचारलं नाय ना तू?"

मी नाही म्हणालो. तिने मान हलवली, जशी ती एकेका पोराबद्दलचं वाक्य सांगून झाल्यावर हलवायची. लिहून घ्यायला प्राध्यापिका नव्हती. माझ्या खिशात वही होती, ती मी काढली नाही.

मागे रांग झाली होती. मी बाजूला होऊन उभा राहिलो. अकरा वाजेपर्यंत थांबलो, बोंबील ढिले पडेपर्यंत, आणि एवढ्या वेळात काही बोललो नाही. क्रेट होता तिथेच राहिला.