दम्याच्या बाईला न दिलेले इंजेक्शन

दिनांक ४ मार्च, मंगळवार. माझी थोरली वहिनी प्रसूती विभागाची मुख्य परिचारिका आहे. तिला रुग्णालयाने कारणे दाखवा नोटीस बजावली. आरोप : डॉक्टरांचा आदेश धुडकावणे. खुलासा येण्यापूर्वीच, सत्तावीस वर्षांच्या सेवेनंतर, तिला जुने कागद लावण्याच्या खोलीत बसवले. मी कायदा शिकवतो. आधी शिक्षा आणि मग सुनावणी हा क्रम मला अद्याप कोणत्याही पुस्तकात आढळलेला नाही.

घरात आम्ही तिला फौजदार म्हणतो. नव्या परिचारिकांना ती बाळंतपणातली औषधे नात्यागोत्याने शिकवते. गर्भाशय आवळून रक्तस्राव थांबवणारी दोन औषधे एकाच कुळातली, म्हणून त्या जावा. "थोरली इंजेक्शनची. तिला फ्रीज लागतो आणि दम्याच्या बाईशी तिचं हाडवैर, श्वासनळ्याच आवळते. धाकटी गोळी. पोटातल्या व्रणासाठी निघाली, कपाटात मुकाट पडून असते, पण वेळेला धावते."

फेब्रुवारीतल्या एका सकाळी पहिलटकरीण दाखल झाली. (तिची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) वहिनीने प्रत्येकीला विचारते तसे तिलाही विचारले, "दम लागतो का गं? फवारा घेतेस?"

सासूच मध्ये पडली. "आमच्या सुनेला काही एक नाही. घोड्यासारखी ठणठणीत आहे."

"मग घोड्याला इथं कशाला आणलंत? जा, बाळाचे कपडे घेऊन या."

सासूची पाठ वळताच सुनेने पर्सच्या तळातून फवारा काढला. "लग्नाआधी सांगितलं नव्हतं हो, मावशी."

"कागद तुझ्या घरी जात नाही, पोरी," असे म्हणत वहिनीने केसपेपरवर लाल शाईने 'दमा' लिहिले.

दुपारी बाळ सुखरूप झाले, वार पडली, पण गर्भाशय आवळेना, रक्त थांबेना. सलाइनमधून नेहमीचे औषध चालूच होते. रक्तदाब चढलेला, त्यामुळे तो आणखी वाढवणारे दुसरे एक इंजेक्शन बाद. प्रसूतितज्ज्ञ वरच्या मजल्यावर शस्त्रक्रियेत अडकलेले. त्यांनी फोनवर सांगितले, "फ्रीजमधलं इंजेक्शन द्या."

"सर, पेशंटला दमा आहे."

"मी विचारलं होतं. नाही म्हणाली."

"तुम्ही सासूसमोर विचारलंत. केसपेपरवर लिहिलंय मी."

"सिस्टर, डॉक्टर मी आहे की तुम्ही?"

"तुम्हीच. म्हणून तर म्हणते, लवकर खाली या. तोवर जिभेखाली चार गोळ्या देते."

तिने गोळ्या दिल्या आणि पोटावरून गर्भाशय चोळत राहिली. मनगटे भरून आली तरी हात काढला नाही. वीसेक मिनिटांत गर्भाशय दगडासारखे घट्ट झाले. डॉक्टर आले तेव्हा रक्त थांबले होते आणि बाळंतीण पाणी मागत होती. त्यांनी केसपेपर उघडला, लाल अक्षरे पाहिली, मिटला. आठवड्याभरात नोटीस आली. त्या नोटिशीत दम्याचा उल्लेखसुद्धा नाही.

मी म्हणालो, "वहिनी, त्या बाईला साक्षीला बोलावू. एका वाक्यात प्रकरण मिटेल."

"मुळीच नाही, भावजी. तिला त्याच घरात नांदायचंय."

"मग तुम्ही धूळ झटकत बसणार?"

"झटकीन की. तुमच्या भावाचं कपाट आवरून हात बसलाय. पण फार दिवस नाही. माझं लिहिलेलं कागदावर आहे आणि बाई जिवंत आहे; आणखी कुठला पुरावा लागतो?"

तिला खात्री आहे, मलाही आहे. खात्री नाही ती चौकशी समितीची, कारण तिन्ही सदस्य त्याच डॉक्टरांचे सहकारी आहेत आणि केसपेपर अद्याप त्यांनी मागवलेलाच नाही. इकडे प्रसूती विभागात तिच्या जागी नेमलेली परिचारिका चार महिन्यांच्या अनुभवाची आहे.

सुनावणी १९ मार्चला सकाळी अकरा वाजता आहे. वाचकहो, सहानुभूती नको. त्यापूर्वी रुग्णालयाच्या अधीक्षकांना (पत्ता संपादकांकडे मिळेल) आपल्या सहीचे पत्र पाठवा : केसपेपर समितीपुढे ठेवा, नोटीस मागे घ्या आणि मुख्य परिचारिकेला प्रसूती विभागात परत नेमा.