दाराला लावलेला काळा दगड

गॅसकाकांच्या घरात बोलायला दुसरं माणूस नव्हतं, म्हणून ते दार आपटू नये यासाठी दाराला लावलेल्या दगडाशी बोलत. दगड काळाकुट्ट, बारीक दाण्याचा, दोन मुठींएवढा. बायकोने तो खाणीतून आणला होता. ती गेली, पण दगड तिने ठेवला तिथेच राहिला.

दोघंही एकाच प्रयोगशाळेत दगडांची वयं काढत. काकांचा सगळा भर आर्गॉन वायूवर, त्यावरूनच हे नाव पडलं. दगडातल्या पोटॅशियमपासून हा वायू युगानुयुगं कणाकणाने तयार होतो आणि आतच साठतो. साठा मोजला की वय निघतं. त्या खाणीतल्या काळ्या दगडाचं वयही काकांनी असंच काढलं होतं. बायकोला ते कधीच पटलं नाही.

"अहो, पाणी मुरलंय या दगडात. तुमचा वायू म्हणजे झिरपणारा माठ. उरलं तेवढं पाणी मोजायचं आणि म्हणायचं, माठ कालच भरायला ठेवला!"

"मग तुझा उपाय सांग."

"युरेनियम धरून बसलेले कण शोधायचे. बॅडेलिआइट खनिजाचे. ते पाण्याला दाद देत नाहीत, आणि आतल्या युरेनियमचं शिसं किती झालं त्यावरून वय कळतं."

"काळ्या दगडात? वाळूत मोहरी शोधत बस."

"तुमच्यासारखा नवरा शोधला, मोहरीचं काय घेऊन बसलात!"

शोधणं राहूनच गेलं. आता बायकोच्या टेबलावर तिचीच विद्यार्थिनी बसते. एक दिवस ती घरी आली. दाराशी वाकून दगड पाहिला.

"काका, या दगडाचं वय पुन्हा काढायचंय. खाण पाण्याखाली गेली. एवढाच तुकडा उरलाय. वायूच्या पद्धतीला चिमूटभर पुरेल. पण कण शोधायचे तर सगळा कुटावा लागेल."

काकांनी आधी एक टवका काढला, घासून काचेसारखा पातळ केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. वायू धरून ठेवणारं जे फेल्डस्पार खनिज लख्ख दिसायला हवं, ते मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखं गढूळ होतं. म्हणजे वायू निसटलेला. त्या पद्धतीने पुन्हा खोटंच वय हाती येणार. पण दगड उरणार.

"काय करू गं?" संध्याकाळी त्यांनी दगडाला विचारलं. बायको रुसली की अशीच गप्प बसायची.

बरेच दिवस असे गेले. मग एका सकाळी त्यांनी दगड धुतला, पुसला आणि लेकराला न्यावं तसा दोन्ही हातांत धरून प्रयोगशाळेत नेला. कुटायचं यंत्र सुरू करण्याआधी विद्यार्थिनीने हळूच विचारलं, "एक ढलपी बाजूला ठेवू, काका? आठवण म्हणून?"

"नको. नेमका त्या ढलपीतच कण असला, तर तुझ्या बाई मला सोडायच्या नाहीत."

दगडाचा भुगा झाला. तो पाण्यात हलवून हलकं वाहू दिलं, जड तेवढं ठेवलं. त्या जड गाळात, पापणीच्या केसाहूनही बारीक, बॅडेलिआइटच्या तपकिरी चकत्या सापडल्या. मोजक्याच, पण पुरेशा.

वय आलं ते काकांच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट.

"बाई जिंकल्या, काका."

"तिला हरायची सवय होती कुठे?" काका हसले आणि लगबगीने घरी निघाले, सांगायला.

कुलूप काढलं, दार उघडलं आणि सवयीने खाली पाहिलं. तेवढ्यात वाऱ्याने दार धाडकन आपटलं.

शेजारीण खिडकीतून ओरडली, "काका, दाराला काहीतरी लावा हो!"

काकांनी दार पुन्हा उघडलं. लावायला काही नव्हतं. मग स्वतःच टाच टेकवून त्याला अडवून धरलं, आणि रिकाम्या खोलीकडे बघत म्हणाले, "झिरपत होता गं माठ."