तांबोबाची तार

घाटनांदूरच्या बिभीषणाला कापसाच्या जिनिंगच्या इंजनावर चार वर्षं काजळी खाऊन बिजलीचं काम यायला लागलं, तेव्हापासून त्याच्या मिशीनं वरची वाट धरली. मोगलाईतल्या त्या आख्ख्या शिवारात बिजली फक्त त्याच्या मालकांच्या, सुंदररावांच्या घरात, आणि ती खेळवणारा हा. विहिरीवर पंप, न्हाणीत नळ, सगळं त्याच्या हातचं. पंप जुना, करंट गळायचा. तो कुणाच्या अंगात शिरू नये म्हणून पंप, पाइप, नळ असं सगळं लोखंड त्यानं एका तारेत ओवलं आणि तार नेऊन जोडली जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या पत्र्याला. भोवती मीठ, कोळसा. अट एकच, खड्डा ओला पाहिजे. कोरडी माती करंट गिळत नाही.

चैत्रात गडी खड्ड्यात पाणी घालायला विसरले. सुंदररावांनी नळाला हात लावला मात्र, तोंडातलं पान समोरच्या भिंतीवर गेलं. पुन्हा कुणाला झटका बसला तर तुझी नोकरी गेली, असं त्यांनी बजावलं.

गडी तरीही ऐकेनात. मग या पठ्ठ्यानं खड्ड्यावर गोटा मांडला, शेंदूर फासला आणि तांबोबा प्रगटल्याचं उठवून दिलं. त्याला म्हणे रोज घागरभर पाणी लागतं. बायकांची रांग लागली. खड्ड्याशी बेडूक नांदायला आले.

पण देव म्हटला की भक्तांना त्याची दया येते. एका सकाळी पंप चालू करून बिभीषण न्हाणीशी आला, तर तार खड्ड्यापासून सोडून, गुंडाळून खुंटीला टांगलेली. आणि सुंदररावांच्या पत्नी मुक्ताबाई ओल्या पायांनी नळाकडे निघालेल्या.

"बाईसाहेब, हात लावू नगा. तार कुनी काढली?"

"मी. देवाला कावून बांधून ठिवलंस रे? चोर हाय का त्यो?"

देव राखावा तर बाई जाते, बाई राखावी तर नोकरी. बिभीषणाची मिशी घामानं खाली आली.

"देव न्हाई त्यो. गोटा हाय. खड्डा वला ऱ्हावा म्हनून मीच मांडला. तार न्हाई तर नळ झटका देतो."

मुक्ताबाईंनी त्याला खालून वर न्याहाळलं. खरं फुटलं तर उद्यापासून पाणी कोण घालणार, हे त्यांनी लगेच ताडलं.

"मालकाला मी बोलत न्हाई. पर बायकांला तूच सांग, देव सपनात आला आन् तार मानाची हाय म्हनला."

बिभीषणानं पंप बंद केला, तार बांधली आणि कपाळाला शेंदूर फासून अंगणात बायकांपुढं बसला. सपन असं रंगवलं की म्हातारी छबुबाई लई रडली, आणि उठून तारेला हळदकुंकू वाहायला निघाली. तेव्हा पंप चालू असताना तारेला कुणी शिवायचं नाही, असंही देव बोलल्याचं त्याला घाईघाईनं आठवलं.